मोतीवाल्यांच्या अब्रूची वाटणी

वकीलसाहेब म्हणाले की आपली बुद्धी ठिकाणावर आहे, हे सुरुवातीलाच लिहावे लागते. नुसते लिहून कोणाला पटणार? म्हणून पुराव्यादाखल एक सकाळ लिहिते.

दुकान उघडायला वेळ होता. आम्ही तिघे भावंडे मागच्या खोलीत खिडकीखाली बसून मोती पुसत होतो. मोती निवडायचे ते सकाळच्या उजेडात. दिव्याखाली सगळेच मोती देखणे दिसतात, असे बाबा म्हणत. दादाच्या बोटांतून एक मोती निसटला. दोनदा टप्प असा आवाज आला आणि मग काहीच नाही. दादा पालथा पडून कपाटाखाली हात घालू लागला. धाकटी केरसुणी घेऊन आली. काय झाले ते बघायला आईने आत डोकावले आणि तेवढ्यात तिचे दूध उतू गेले. मी धाकटीला म्हणाले की तूच उचलला असशील, तुझी नजर होती त्याच्यावर. बाबा हातातली सुई खाली न ठेवता म्हणाले, “आधी जमीन बघायची. मग कपडे. माणसाकडे सगळ्यात शेवटी बघायचं.”

मोती दादाच्या विजारीच्या दुमडीत निघाला. धाकटी इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि करपलेल्या दुधाच्या वासात आम्ही सगळ्यांनी बिनदुधाचा चहा प्यायला.

हे मला लख्ख आठवते. तेव्हा या रस्त्यावर ‘मोतीवाल्यांची मधली’ म्हणून ओळखली जाणारी मी, साठी ओलांडलेली, मोती ओवून पोट भरणारी, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, अशी बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. मागच्या आजारपणात एक मृत्युपत्र केले होते. ते तापात आणि रागात केले होते. ते रद्द समजावे.

कलम पहिले. या कागदाप्रमाणे सगळे घडते की नाही, हे वकीलसाहेबांनी पाहावे. त्यांनी माझ्याकडून फी घेतली नाही, पण बायकोची माळ फुकटात ओवून घेतली आहे, तेव्हा आपण कोणी कोणाचे देणे लागत नाही.

कलम दुसरे, किरकोळ वस्तूंबद्दल. शिवणयंत्र वहिनीला द्यावे. ते चालताना कुरकुरते, वहिनीही कुरकुरते, दोघींचे छान जमेल, आणि हे वाचून ती पहिली हसेल हे मला माहीत आहे. मऊ गादीची खुर्ची शेजारच्या चष्मेवाल्यांना द्यावी. रोज संध्याकाळी गप्पा मारायला येऊन त्यांनी ती तशीही आपलीच केली आहे. हा एकच दुकानदार मी असा पाहिला, जो गिऱ्हाइकाला सांगतो की तुमचा जुना चष्मा अजून चांगला आहे. आमची शिडी नेऊन परत न करणाऱ्या कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला ती शिडी मी या कलमान्वये बक्षीस देते, म्हणजे त्याला आता माझ्या दारावरून मान खाली घालून जायचे कारण उरणार नाही. बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या शाळेच्या वाचनालयाला द्यावे. का, ते पुढे येईल.

कलम तिसरे, आमच्या मास्तरांच्या पुस्तकांबद्दल. मास्तर म्हणजे माझे यजमान. ते भाषा शिकवत. त्यांचे सगळे कोश त्याच वाचनालयाला द्यावेत. फक्त एक जाड कोश, ज्याची पाठ मी दोनदा चिकटवली आहे, तो घरातच राहावा. त्यातल्या एका शब्दापाशी मी मोत्यांची सुई खूण म्हणून ठेवली आहे. ती काढू नये.

तो शब्द अब्रू.

मास्तर दुकानात पहिल्यांदा आले ते त्यांच्या आईची माळ ओवून घ्यायला. मी मोती उजेडात धरून बाबांना म्हणाले की यांचा आब उतरलाय, बहुतेक पेटीत पडून होते. (मोती अंगावर राहिले की टवटवीत राहतात, बंद ठेवले की कोमेजतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.) मास्तरांनी विचारले, तुम्ही याला आब म्हणता? मी म्हटले, मग काय म्हणायचे? तर ते काउंटरवर टेकून मला शिकवायलाच लागले. आब म्हणजे फारसीत पाणी, आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, चेहऱ्याचे तेज, ती अब्रू. तिथून हा शब्द प्रवास करत आपल्या तोंडी आला आणि इतका घरचा झाला की कोणी त्याला परका म्हणत नाही. मी म्हटले, म्हणजे अब्रू जाते तेव्हा चेहऱ्यावरचे पाणी उतरते. ते म्हणाले, “उतरतंच. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं आणून आपल्या चेहऱ्यावर भरता येत नाही.”

ते सहज बोलून गेले. आमच्या घरात काय घडले होते ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. माझ्या हातातला चिमटा मात्र थांबला. त्या दिवशी मी ठरवले की हा माणूस आपल्याला हवा.

कलम चौथे. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढची वाटणी समजणार नाही, म्हणून वकीलसाहेबांनी नको म्हणूनही लिहीत आहे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माळ ओवायला आली की गिऱ्हाइकासमोरच दोरा कापायचा, त्याच्यासमोरच मोती मोठ्याने मोजायचे, आणि मगच आत न्यायचे. कारण मोती जड आणि रेशीम मऊ. वर्षानुवर्षे गळ्यात राहून रेशीम ताणते, माळ लांबते, आणि नव्या रेशमात ओवली की तीच माळ आखूड दिसते. मोती सगळे असतात. आखूड होतो तो दोरा.

डॉक्टरीणबाई आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक. त्यांच्या ओळखीने मोठमोठ्या घरची माणसे आमची पायरी चढली. दादाचे लग्नही त्यांनीच पाहिलेल्या स्थळाशी ठरत होते. त्या आपल्या सासूची माळ घेऊन आल्या तेव्हा दुकानात गर्दी होती आणि त्यांना घाई होती. बाबा म्हणाले की ठेवून जा, आपल्याच घरचे आहे. दोरा समोर कापला नाही. मोती मोजले नाहीत. माळ आत धाकटीकडे गेली.

धाकटीच्या हाताला जी सफाई होती ती आमच्यापैकी कोणाच्याच हाताला नव्हती. दोन मोत्यांमधली तिची गाठ शोधायला भिंग लागायचे. तिने ती माळ जीव लावून ओवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दुकानातल्या आरशासमोर माळ घातली. ती आधी जिथवर यायची तिथवर आली नाही. त्यांनी मागे वळून विचारले, “यातले मोती कुठे गेले?” दुकान भरलेले होते. मी काउंटरवरून म्हणाले की बाई, मोती सगळे आहेत, जुने रेशीम ताणलेले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. म्हणाले, “मधले, गप्प बस. अब्रूचा प्रश्न आहे.”

आणि त्यांनी हात जोडले. मुलगी अजून नवशिकी आहे, चूक झाली, मी भरून देतो, असे म्हणाले. स्वतःच्या तबकातून त्या माळेशी जुळणारे दोन मोती निवडले. नवशिकी हा शब्द लोकांनी ऐकला नाही. त्यांनी जे ऐकायचे ते ऐकले. धाकटी पडद्याआड उभी होती.

तिने तबक पुसून ठेवले, सुई गादीत खोचली, हात धुतले आणि मागच्या दाराने गेली. रात्री जेवायला बसल्यावर तिने फक्त एवढेच विचारले, “बाबा, तुम्ही आधी जमीन बघितलीत का?”

आठवड्याभरात धाकटी मावशीच्या गावी राहायला गेली ती गेलीच. तिकडे ती सराफांसाठी घरीच मोती ओवते. तिच्या दारावर पाटी नाही. मला भेटायला येते तेव्हा मागच्या जिन्याने वर येते, दादा खाली दुकानात असेल तर पावले न वाजवता.

कलम पाचवे, बाबांबद्दल. माझ्या बाबांना कोणी वाईट म्हणू नये. मी तर मुळीच म्हणत नाही. ज्या माणसाने मला शिकायला सिस्टरांच्या शाळेत घातले, आणि फाटकी छत्री धरून जो रोज सोडायला आला, त्याच्याबद्दल मला प्रेमाखेरीज काही लिहिता येत नाही. पण तिथेच मी हेही शिकले.

आमच्या इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर रागीट होत्या आणि शब्दांवर त्यांचा फार जीव. त्यांनी एकदा ‘रेप्युटेशन’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. सगळ्या मुलींनी लिहिले की ते काचेच्या भांड्यासारखे असते, एकदा फुटले की फुटले. सिस्टरांनी सगळ्या वह्या परत दिल्या आणि सांगितले की या शब्दाच्या पोटात लॅटिन आहे, आणि तिथे त्याचा अर्थ पुन्हा मोजणे, पुन्हा विचार करणे असा आहे. “मुलींनो, पुन्हा मोजा,” त्या म्हणाल्या. “लोक एकदाच मोजतात आणि निघून जातात.” त्या वाचनालयाला माझी शिल्लक जाते ती या एका वाक्यासाठी.

बाबांनी त्या दिवशी पुन्हा मोजायला हवे होते. नाही मोजले. पण त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एकही दोरा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे कापला नाही. एवढेच नाही, तर त्यांनी आमच्या दुकानात एक नवी रीत घातली. माळ परत देताना काळ्या मखमलीवर जुना दोरा आणि नवी माळ शेजारी शेजारी ठेवायची, आणि सांगायचे, “बघा, हा किती ताणला होता.” लोकांना ते फार आवडले. मोतीवाल्यांकडे लबाडी नाही, असा आमचा लौकिक झाला. आज दूरदूरचे लोक आमच्याकडे येतात ते त्या मखमलीमुळे. ती मखमल कोणासाठी अंथरली जात होती, हे फक्त घरच्यांना ठाऊक होते.

मास्तरांकडे आणखी एक शब्द होता, इभ्रत. आपण तोही अब्रूच्याच अर्थाने वापरतो. पण ते सांगत की मुळात तो अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ धडा असा आहे, घडलेल्या गोष्टीवरून घ्यायचा धडा. तेव्हा आमच्या दुकानाची इभ्रत मूळच्या अर्थाने खरी आहे. अब्रू तेवढी एका मुलीकडून उसनी आणलेली आहे.

शेवटच्या आजारपणात बाबांना दिवस-रात्र कळत नसे. पण जेवणाच्या वेळी विचारत, “धाकटी जेवली का?” मी हो म्हणत असे. दुकान आणि वरची जागा त्यांनी माझ्या नावे केली, दादाच्या नाही, याचे दादाला पुष्कळ दिवस वाईट वाटले. मला वाटते, त्यांना काही सांगायचे होते आणि ते त्यांनी अशा रीतीने सांगितले.

कलम सहावे, जुन्या रागांबद्दल. डॉक्टरीणबाईंवरचा राग मी अनेक वर्षे जपला. त्यांच्या पश्चात त्यांची लेक ती माळ घेऊन माझ्याकडे आली. माळेबरोबर कागदात गुंडाळलेले दोन मोती होते. तिने सांगितले की बऱ्याच वर्षांनी आईने माळ परगावी ओवायला दिली होती. तिथल्या माणसाने दोरा तिच्यासमोर कापला आणि रेशमाचे सगळे समजावले. आई घरी आली, हे दोन मोती वेगळे काढले आणि कपाटात ठेवले. लेक म्हणे, जाऊन सांगून का आली नाहीस? तर आई म्हणाली, “आता कोणत्या तोंडाने जाऊ?”

हे ऐकून माझा राग गेला. गेला म्हणजे अगदी गेला असे नाही, पण तो कोणाच्या नावे करावा इतका उरला नाही. तो माझ्याबरोबर संपला असे समजावे.

आत्याने आईला लग्नात मारलेल्या टोमण्यांबद्दलचा राग मात्र वहिनीला देते. तिला तो सांभाळता येईल.

कलम सातवे, दादाबद्दल. ते दोन मोती मी दादाला दाखवले. त्याने तळहातावर फिरवून पाहिले, खिडकीपाशी नेऊन पाहिले.

“चांगले आहेत,” म्हणाला. “बाबांचीच निवड.”

मग त्याने ते परत कागदात गुंडाळले. मी सांगितले की धाकटीला बोलावू या. तो म्हणाला, “आणि लोकांना काय सांगायचं? बाबा खोटं बोलले म्हणून? माणूस गेल्यावर त्याला खोटं पाडायचं?”

“बाबांना कोण खोटं पाडतंय, दादा? धाकटीला खरं म्हणायचंय.”

“दोन्ही एकच आहे.”

“एक नाही रे.”

तो खाली गेला आणि त्या दिवशी दुकानाचे शटर लवकर ओढले. माझा दादा वाईट नाही. लहानपणी विजेच्या कडकडाटात तो मला आणि धाकटीला दोन्ही बाजूंना घेऊन बसायचा आणि स्वतः आमच्याहून जास्त भ्यायचा. बाबांची खुर्ची त्याने आजवर हलवली नाही. त्याला वाटते की त्या खुर्चीचे रक्षण म्हणजे बाबांचे रक्षण.

धाकटीला मी फोनवर हे सगळे सांगितले. म्हटले, दादा कधीतरी माफी मागेल. ती हसली. म्हणाली, “ताई, या वयात माफी घेऊन मी ठेवू कुठे? मला एकदा दुकानात पुढच्या दाराने यायचंय. बस.”

एवढीच तिची मागणी आहे, आणि हे सगळे मृत्युपत्र तेवढ्यासाठी आहे.

कलम आठवे, वाटणी.

वरच्या दोन्ही खोल्या आणि खालचे दुकान दादाला आणि धाकटीला निम्मे निम्मे. कोणी आपला वाटा कोणाला विकू नये, भाड्याने द्यायचे तर दोघांनी ठरवावे.

बाबांचे भिंग आणि चिमटे दादाला.

सुयांची डबी, मेण आणि उरलेले सगळे रेशीम धाकटीला. आमच्यात त्यांवर हक्क तिचाच.

डॉक्टरीणबाईंच्या लेकीने परत केलेले ते दोन मोती धाकटीला द्यावेत. पण ते दादाने द्यावेत, कोणाच्या हाती पाठवू नयेत.

बाबांची खुर्ची आहे तिथेच राहावी. तिच्यावर आळीपाळीने दोघांनी बसावे. ती कोणाची राखण करत नाही, आणि तिला राखणीची गरजही नाही.

आता माझी माळ. माझ्या लग्नात बाबांनी ती स्वतः ओवली आणि मी कधी उसवू दिली नाही, त्यामुळे ती आता पार पोटापर्यंत लोंबते आणि जिना उतरताना कठड्यात अडकते. ती माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या लेकीला द्यावी. तिने ती रोज घालावी. बँकेच्या लॉकरात ठेवायची असेल तर तिला मिळणार नाही.

पण भाचीच्या गळ्यात जाण्याआधी ती एकदा ओवायची आहे. दुकानात गर्दी असेल असा दिवस निवडावा. दादाने स्वतः शटर वर करावे. धाकटीने पुढच्या दाराने यावे. दादाने सगळ्यांसमोर दोरा कापावा आणि मोती मोठ्याने मोजावेत. धाकटीने तिथेच, काउंटरवर, पडद्याआड न जाता, माळ ओवावी. तिला वेळ लागेल, आता तिची नजर पूर्वीसारखी नाही. चष्मेवाल्यांनी हजर राहावे. मग काळ्या मखमलीवर जुना दोरा आणि नवी माळ शेजारी ठेवावी. माळ आखूड झालेली असेल. कोणीतरी विचारेलच, कोणीतरी नेहमीच विचारते, की यातले मोती कुठे गेले.

तेव्हा दादाने एवढेच सांगावे: मोती सगळे आहेत, रेशीम ताणलं होतं, माझ्या धाकट्या बहिणीने ओवली आहे.

बाबांबद्दल काही बोलायची गरज नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल, आणि त्यातल्या कोणाच्याही नजरेत बाबांचे पाणी उतरणार नाही. माझ्या नजरेत उतरलेले नाही, आणि मी तर तिथे उभी होते.

दादाने हे केले नाही तरी त्याच्या वाट्यातली एक वीटही कमी करू नये. हे मी शिक्षा म्हणून लिहीत नाही. फक्त तोवर ती माळ भाचीला न देता काउंटरमागच्या काचेच्या कपाटात तशीच लांब लोंबत ठेवावी, म्हणजे रोज शटर उघडताना ती त्याला दिसेल.

सही करून झाल्यावर हा कागद मी रात्रभर दादाच्या टेबलावर ठेवणार आहे. वारसाने आधी वाचू नये असा काही कायदा नाही, हे वकीलसाहेबांना विचारून घेतले आहे.

वरचे सगळे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचून पाहिले आणि मला मान्य आहे.

सही: मधली

आमच्यासमोर त्यांनी सही केली, हात जराही थरथरला नाही:
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले
साक्षीदार: डॉक्टरीणबाईंची लेक

ठिकाण: दुकानामागची खोली, खिडकीखाली
दिवस: गुरुवार, सकाळच्या उजेडात

(खाली, पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात)

वाचले. तुझ्या मरणाची वाट बघत बसायला मला वेळ नाही. माळ काढून ठेव. शनिवारी गर्दी असते. धाकटीला सांग, शटर मी उघडतो.
— दादा